खोलण्याआधी

"गियर नइ लगत हे, भइया."

छोटा हत्ती टेम्पोतून उतरता उतरता त्या माणसाने एवढंच सांगितलं आणि मागच्या दोरीची गाठ सोडायला लागला. ताडपत्री बाजूला झाली तसे खोल खाचांचे चार फुगीर टायर दिसले, आणि त्यांच्या खाचांत वाळून दगड झालेली कन्हार. छत्तीसगडात काळ्या चिकट मातीला कन्हार म्हणतात. ऑगस्टमध्ये ती चाकाला धरली की पाण्याच्या फवाऱ्यालाही दाद देत नाही.

भिलाईत नंदिनी रोडवर माझं गॅरेज आहे. माझ्याकडे मोटरसायकली, स्कूटर, माल वाहणाऱ्या तीनचाकी येतात. मोटरसायकलसारखं हँडल असलेली, चार चाकांवर बसलेली ही क्वाड वर्षातून एखाददुसरीच. शिवनाथ नदीच्या बाजूच्या एका फार्महाउसवरची होती. हिवाळ्यात पाहुण्यांच्या मुलांना फिरवायची, पावसाळ्यात धानाच्या बांधांवरून खताच्या गोण्या आणि पंप न्यायचा, अशी दोन्ही कामं तिच्याकडे. १२५ सीसीचं इंजिन, तीन पुढचे गिअर, एक उलटा, आणि हँडलवर क्लचचा लिव्हर नाही. आधी एका मिस्त्रीला दाखवून झाली होती. त्याचं म्हणणं, इंजिन खोलावं लागेल, गिअरसेट बदलावा लागेल. बाहेरच्या देशाची गाडी, भाग मागवायचा म्हणजे काही आठवडे आणि बराच पैसा. मालकाने मला एकच प्रश्न विचारला, "कधी खोलणार?"

मी म्हणालो, "आज नाही."

हे 'आज नाही' म्हणायला मला एका माणसाचं नुकसान करून शिकावं लागलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा असेन, पॉवर हाऊसजवळ एका उस्तादांच्या हाताखाली काम करत होतो. एक ठेका मजूर त्याची मोटरसायकल घेऊन आला. तिसरा गिअर सुटतो, अशी तक्रार. उस्ताद गावाला गेले होते. मला इंजिन खोलता येत होतं, म्हणून मी खोललं. दोन दिवस लावून दोन्ही केस वेगळ्या केल्या, तिसऱ्या गिअरची जोडी बदलली, सगळं पुन्हा बसवलं. माणसाने उसने काढलेले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि गाडी घेऊन गेला. चौथ्या दिवशी परत आला. तिसरा गिअर सुटतच होता. तोवर उस्ताद आले होते. त्यांनी गाडीजवळ बसून पायाचा गिअर लिव्हर नुसता वरखाली हलवला. लिव्हरच्या आतल्या बारीक दाट खाचा झिजल्या होत्या, तो दांड्यावर थोडा सरकत होता. पाय पूर्ण दाबला जायचा, पण आतला दांडा पूर्ण फिरत नव्हता. एक लिव्हर बदलला आणि तक्रार संपली. गाडी माझ्याकडे होती त्या दोन दिवसांत तो माणूस पहाटे पायी निघून भिलाई स्टील प्लान्टच्या गेटवर पोचत होता. उस्तादांनी त्याचे सगळे पैसे परत केले आणि मला ओरडले नाहीत. फक्त एवढं म्हणाले, "तूने पूछा क्या था उससे?" मी काहीच विचारलं नव्हतं.

हाच प्रश्न माझ्या घरात रोज विचारला जायचा, मी तो ऐकत नव्हतो इतकंच. माझे बाबा भंडारा जिल्ह्यातले. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्यानंतर थोड्याच काळात ते इथे आले. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे आमच्या लोकांना दुर्ग-भिलाई परकी वाटली नाही. प्लान्टच्या वसाहतीत दर सेक्टरात ओळखीचं एखादं मराठी घर सापडायचं. बाबा रेल मिलच्या यांत्रिक देखभालीत होते. ज्या मिलमधून देशभरच्या रुळांचं लोखंड लाटून निघतं, तिथले गिअरबॉक्स माणसापेक्षा उंच. मिल थांबवून ते उघडणं ही फार मोठी गोष्ट. म्हणून ते लोक उघडण्याआधी जे जे करता येईल ते करायचे. बाबा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. तळहात उलटा करून गरमी बघायचे. तेल बोटांत चोळायचे, नाकाशी न्यायचे.

आणि लिहायचे. प्लान्ट तीन पाळ्यांत अखंड चालतो. पहाटे सहाच्या पाळीत जो आवाज ऐकू आला, तो दुरुस्त करणारा माणूस कदाचित रात्री दहाला येणार. दोघांची भेट होईलच असं नाही. म्हणून लॉगबुक. काय झालं, किती वाजता झालं, त्याच्या आधी काय केलं होतं, आणि आपण काय केलं. बाबा म्हणायचे, पुढच्या पाळीतला माणूस आंधळा येतो, त्याला डोळे आपण द्यायचे. उस्तादांनी विचारलेल्या प्रश्नानंतर मी पहिली वही घेतली. आज अशा वह्यांनी एक कपाट भरलं आहे.

क्वाडच्या मालकासोबत आलेला गडी रोज ती गाडी चालवायचा. मी मालकाला खुर्ची दिली आणि गड्याशी बोलायला लागलो. गिअर कधी अडतो, सकाळी की दुपारी? दुपारी, गाडी तापल्यावर. कोणता? गरम झाल्यावर न्यूट्रल मिळतच नाही, आणि दुसरा पडला तरी चढावर सुटतो. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात? तेव्हा बरा असतो. हे कधीपासून? पाऊस सुरू झाल्यापासून. पावसात काय काय झालं? गाडी बांधावरून घसरून एका दगडाला घासली होती. त्यानंतर काही दिवसांनी उभी असताना बंद पडायला लागली, म्हणून त्याने रेसचा स्क्रू थोडा आवळला होता. पायात काय घालून चालवतोस? त्याने पाय पुढे केला. गुडघ्यापर्यंतचे गमबूट.

इतकं वहीत उतरलं तेव्हा अर्धा रस्ता मला दिसायला लागला होता. पण दिसणं आणि खात्री असणं यात अंतर असतं.

ही यंत्रणा माझ्या ओळखीची होती. १९५८ साली होंडाने सुपर कब काढली, तेव्हा ती एका हातात सामान धरूनही चालवता यावी म्हणून तिला हाताचा क्लच ठेवला नाही. इंजिनचे फेरे वाढले की केंद्रापासून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांमुळे क्लच आपोआप धरतो, फेरे उतरले की सोडतो. पायाचा एकच लिव्हर दोन कामं करतो. दाबल्यावर आधी क्लच उचलतो, मग त्याच हालचालीत गिअरचा ड्रम एक घर पुढे फिरवतो. २०१७ पर्यंत या मालिकेच्या दहा कोटी गाड्या बनल्या. जगभरच्या लहान क्वाडमध्ये त्याच इंजिनाच्या पिढ्या फिरत आहेत. आपल्याकडे हिरो होंडाची स्ट्रीट आली होती, तिच्यातही हाताचा क्लच नव्हता. तिच्यावर मी बरंच काम केलं होतं. क्वाडला चार चाकं असली, तरी ही तिची बहीणच.

आत काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. गिअरची चाकं सतत एकमेकांत अडकलेलीच फिरत असतात. गिअर 'पडतो' म्हणजे एक चाक दांड्यावर बाजूला सरकतं आणि त्याच्या कडेचे जाड, चौकोनी दात शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. गॅरेजात त्यांना डॉग म्हणतात. सरकवायचं काम फोर्क करतो. फोर्कची खुंटी ड्रमवरच्या वळणदार खाचेत असते. ड्रमच्या टोकाला तारेसारखी एक चकती असते, तिच्या खोबणीत स्प्रिंगवर दाबलेला रोलर बसतो आणि ड्रमला प्रत्येक घरात पकडून ठेवतो. म्हणजे पायापासून डॉगपर्यंत लिव्हर, दांडा, पंजा, ड्रम, खुंटी, फोर्क, चाक अशी साखळी आहे. तक्रार शेवटच्या कडीची ऐकू येते. पण एखादी कडी अर्धवट हलली की तिच्या पुढच्या सगळ्या अर्धवटच हलतात. म्हणून मी नेहमी पायाकडून सुरुवात करतो आणि एकेक कडी आत जातो.

मागची बाजू स्टँडवर उचलली, चाकं हवेत. इंजिन बंद. माझ्या हाताखालच्या मुलाने मागचं चाक हाताने हळू फिरवलं आणि मी हाताने लिव्हर हलवला. पहिला, दुसरा, तिसरा, परत न्यूट्रल. प्रत्येक घराला स्वच्छ 'टक्'. म्हणजे ड्रम, रोलर, पंजा जागेवर आहेत. बंद इंजिनात गिअर पडतो आणि चालू इंजिनात अडतो, तेव्हा संशय गिअरकडून क्लचकडे वळवायचा. पण दुसरा सुटतो त्याचं काय?

मी गड्याला गाडीवर बसायला सांगितलं. गमबूट घालून, जसा तो रोज बसतो तसा. आता पायाने दुसरा टाक. त्याने टाकला. 'टक्' आला नाही. मी खाली वाकून बघितलं. दगडाला घासली त्या दिवशी पाय ठेवायचा डावा पायटा मागे वाकला होता, फार नाही, दोन बोटं. बुटाचं जाड नाक पायट्याच्या कडेला अडत होतं आणि लिव्हरची हालचाल शेवटच्या टप्प्यात थांबत होती. हाताने गिअर पूर्ण पडत होता, पायाने नाही. आधीच्या तपासणीत लिव्हर हातानेच हलवून बघितला असावा, हा माझा अंदाज.

आता दोन तक्रारी वेगळ्या झाल्या. एक, दुसऱ्या गिअरचे डॉग अर्ध्यावर शिरतात, म्हणून ओझं आलं की सुटतात. दोन, गरम झाल्यावर क्लच पूर्ण सोडत नाही, म्हणून न्यूट्रल मिळत नाही. एकाच तोंडाने सांगितलेल्या या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. इंजिन खोलून गिअरसेट बदलला असता तर दोन्ही जशाच्या तशा राहिल्या असत्या.

बाबांचा एक नियम मी पाळतो. एका वेळी एकच बदल, आणि बदलानंतर तपासणी. तीन गोष्टी एकदम केल्या तर गाडी बरी होते, पण कशाने बरी झाली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण तितकेच अडाणी असतो.

आधी पायटा काढून गरम करून सरळ केला. गड्याने बुटासकट बसून तीनही गिअर टाकले. 'टक्' आला. मग इंजिन चालू केलं आणि तापू दिलं. प्लगच्या वायरला फेरे मोजायचा छोटा मीटर लावला. थंड असताना काटा ठीक होता. दहा मिनिटांनी उभ्या गाडीचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या वर गेले. अशा इंजिनाला दीड हजाराच्या आसपास पुरतात. कारण उघड होतं. गड्याने स्क्रू सकाळी, थंड इंजिनावर आवळला होता. तापल्यावर तेल पातळ होतं, इंजिन मोकळं होतं, फेरे चढतात, आणि ती वजनं उभ्या गाडीतही क्लचला अर्धवट धरून ठेवतात. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाही, हवेतली चाकं जोरात फिरत होती. अशा ओढीत अडकलेल्या डॉगना बाहेर निघायला जागाच मिळत नाही. न्यूट्रल सापडणार कसं?

पण नुसता स्क्रू ढिला केला तर गाडी पुन्हा बंद पडणार. गड्याने स्क्रू उगाच आवळला नव्हता, त्याच्याकडे कारण होतं. कार्ब्युरेटर काढला. कमी फेऱ्यांवर पेट्रोल देणारं बारीक जेट जवळजवळ बुजलं होतं, आणि एअर फिल्टर मातीने माखला होता. दोन्ही साफ केले, स्क्रू सोडला, गाडी दीड हजारावर शांत उभी राहिली. न्यूट्रल मिळालं, पण गरम इंजिनावर अजून थोडं जड. मग शेवटची कडी, क्लच ॲडजस्टर. नट ढिला करून मधला स्क्रू हलका अडथळा लागेपर्यंत फिरवायचा, तिथून पाव फेरा मागे घ्यायचा, स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा. एवढंच. पण हा पाव फेरा बोटांना कळावा लागतो. नट आवळताना स्क्रू सोबत फिरला तर सगळं वाया.

शेवटी तेल काढलं. पांढरट दुधाळ असतं तर आत पाणी शिरलंय असं समजलो असतो. तसं नव्हतं. चुंबक फिरवलं, त्याला करड्या मलमासारखा बारीक थर लागला. तो चालतो. चमकणारे कपचे किंवा दाताचा तुकडा मिळाला असता तर मात्र मी त्याच दिवशी इंजिन खोललं असतं.

मालकाला मी सगळं सांगितलं, आणि एक गोष्ट मुद्दाम सांगितली. दीड-दोन महिने दुसऱ्याचे डॉग अर्ध्यावर शिरून सुटत होते. प्रत्येक सुटण्याबरोबर त्यांच्या कडा थोड्या गोल झाल्या असणार. या क्वाडला मागे डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर, त्यामुळे वळताना गिअरवर येणारा ताणही जास्त. आता गाडी चालेल. पुन्हा सुटायला लागला, तर तेव्हा खोलू. मालक जरा वेळ गप्प राहिला. पैसे कमी लागले याचा आनंद होता, पण 'नक्की बरी झाली' असं मी म्हटलं नाही याची त्याला चुटपुट होती. ती चुटपुट मला समजते. तरी जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं सांगायचं नाही, हे मी त्या ठेका मजुराच्या गाडीपासून पाळत आलो आहे.

त्याच हिवाळ्यात इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं आली. बाहा एसएई इंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २००७ साली पिथमपूरला सुरू झाली. त्यात मुलं स्वतः डिझाइन करून मोकळ्या पाइपांच्या सांगाड्याची ऑफरोड गाडी बनवतात आणि शेवटी ती सलग काही तास खडबडीत मातीत पळवतात. या मुलांनी तीनचाकी टेम्पोचा गिअरबॉक्स बसवला होता. तो पाठीमागे, चालवणारा पुढे, मध्ये केबल. तिसरा पडत नव्हता. त्यांनी गिअरबॉक्स दोनदा काढून उघडून बघितला होता आणि दोन्ही वेळा आत काही सापडलं नव्हतं. परीक्षा तोंडावर, झोप नाही, एकाच्या बोटाला पट्टी. मी एकाला लिव्हर तिसऱ्यात ढकलायला सांगितलं आणि बाकीच्यांना म्हटलं, हाताकडे बघू नका, केबल जिथे बांधलीय तिथे बघा. केबलचं बाहेरचं आवरण ज्या पातळ पट्टीवर बसवलं होतं, ती पट्टी ढकलताना मागे वाकत होती. मुलाच्या हाताचं अर्धं ढकलणं पट्टी खात होती, गिअरबॉक्सपर्यंत अर्धंच पोचत होतं. पट्टीला एक तिरपा आधार वेल्ड केला. तिसरा पडला. मुलं ओरडली. मला त्या क्षणी माझी बाविशीतली दोन दिवसांची मेहनत आठवली. या मुलांची घाई मी ओळखत होतो. न झोपता खूप काम करत राहिलं की प्रश्नाजवळ पोचल्यासारखं वाटतं.

फार्महाउसची क्वाड पुढच्या जुलैत परत आली. तोच गडी, पायात तेच गमबूट. दुसरा गिअर चढावर पुन्हा सुटत होता. मी वही काढली, आदल्या वर्षीचं पान उघडलं. पायटा सरळ होता. फेरे दीड हजाराला होते. 'टक्' स्वच्छ येत होता. क्लच पूर्ण सोडत होता. बाहेरची एकेक कडी तपासून मोकळी केली तेव्हा आतलीच एक उरली. मग आम्ही इंजिन खोललं.

दुसऱ्याच्या चाकाचे डॉग जिथे अंदाज होता तिथेच, तेवढेच गोल झाले होते. फोर्क सरळ, ड्रमची खाच नीट, बाकी सगळे गिअर चांगले. फक्त दुसऱ्याची जोडी मागवली. गिअरसेट बदलावा लागला नाही. केस उघडली तेव्हा आत काय शोधायचं ते मला माहीत होतं, म्हणून जे चांगलं होतं त्याला हात लावायची गरज पडली नाही.

माझ्या हाताखालचा मुलगा हे सगळं दोन्ही वर्षं बघत होता. हल्ली मी दुकानात नसलो आणि कोणी गिअरची तक्रार घेऊन आलं, तर तो पाना उचलत नाही. परवा मी आत बसलो होतो, तेव्हा बाहेर त्याचा आवाज ऐकू आला. एका दूधवाल्याला तो विचारत होता, "कब ले होवत हे?" मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि वहीचं पान उलटल्याचा.